हात व मनगटाच्या दुखापतींवरील शस्त्रक्रिया

हात व मनगटाच्या दुखापतींवरील शस्त्रक्रिया म्हणजे अपघातात मोडलेली हाडे, तुटलेल्या कंडरा, कापलेले मज्जातंतू व रक्तवाहिन्या आणि नष्ट झालेली त्वचा यांची दुरुस्ती करून हाताला पुन्हा कामाजोगे बनविण्याची शल्यचिकित्सा होय. तिला हस्तशल्यचिकित्सा असेही म्हणतात. अस्थिशल्यचिकित्सा, प्लास्टिक सर्जरी आणि सूक्ष्मदर्शकाखाली केली जाणारी सूक्ष्मशल्यचिकित्सा या तीन शाखांचे ज्ञान या शाखेत एकत्र येते.

हाताच्या दुखापतीने बहुधा जीव जात नाही. परंतु हातावर पोट असणाऱ्याची उपजीविका जाऊ शकते. नाशिक जिल्ह्यात कारखाने, यंत्रमाग, यांत्रिक शेती आणि पतंगबाजी अशी या दुखापतींची अनेक कारणे एकत्र आढळतात. उपचाराचे यश तीन गोष्टींवर अवलंबून असते: अपघातानंतरच्या पहिल्या काही तासांतील काळजी, शस्त्रक्रियेतील अचूकता आणि त्यानंतरच्या काही महिन्यांतील व्यायाम. यांपैकी पहिली व तिसरी गोष्ट बव्हंशी शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर घडते.

हाताची रचना

मनगटात ८, तळहातात ५ आणि बोटांत १४ अशी एका हातात एकूण २७ हाडे असतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या चिवट ऊतीला कंडरा म्हणतात. बोटांमध्ये स्वतःचे स्नायू नसतात. बोटे मिटविणारे व उघडणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात व त्यांची ओढ लांब कंडरांमार्फत बोटांपर्यंत पोहोचते. त्यामुळे मनगटावर झालेल्या लहानशा जखमेनेही पूर्णपणे शाबूत दिसणारे बोट हलेनासे होते.

मनगटाच्या पुढच्या बाजूस एक अरुंद बोगदा असतो. बोटे मिटविणाऱ्या ९ कंडरा आणि मीडियन हा मज्जातंतू या बोगद्यातून जातात. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांची तळहाताच्या बाजूची संवेदना मीडियन मज्जातंतूमुळे मिळते. करंगळी व अनामिकेचा उरलेला अर्धा भाग यांची संवेदना आणि हातातील बहुतेक लहान स्नायूंची हालचाल अल्नर मज्जातंतूकडे असते. मनगट व बोटे मागे उचलण्याचे काम रेडिअल मज्जातंतू करतो. बोटांतील धमन्यांचा व्यास सुमारे १ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असतो.

हाताच्या एकूण कार्यापैकी सुमारे ४० टक्के कार्य एकट्या अंगठ्याचे मानले जाते. अंगठा इतर चारही बोटांसमोर येऊ शकतो, म्हणूनच पकड शक्य होते. या कारणास्तव अंगठा वाचविण्यास हस्तशल्यचिकित्सेत सर्वाधिक प्राधान्य दिले जाते.

इतिहास

आयरिश शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये मनगटाजवळील अस्थिभंगाचे वर्णन केले. क्ष-किरणांचा शोध त्यानंतर ८१ वर्षांनी, म्हणजे १८९५ मध्ये लागला. या अस्थिभंगाला आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. हस्तशल्यचिकित्सेला स्वतंत्र शाखेचे रूप देण्याचे श्रेय अमेरिकन शल्यचिकित्सक स्टर्लिंग बनेल यांना दिले जाते. त्यांचा या विषयावरील ग्रंथ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला.

तुटलेला अवयव पुन्हा जोडण्याचे, म्हणजे पुनर्रोपणाचे युग १९६० च्या दशकात सुरू झाले. १९६२ मध्ये बॉस्टन येथे रोनाल्ड माल्ट यांच्या पथकाने एका मुलाचा दंडापासून तुटलेला हात जोडला. १९६३ मध्ये शांघाय येथे चेन झाँगवेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कारखाना कामगाराचा यंत्रात मनगटाच्या वर तुटलेला उजवा हात जोडला. १९६५ मध्ये जपानमधील कोमात्सु व तामाई यांनी पूर्णपणे तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने जोडण्यात यश मिळविले.

भारतात या शाखेची पायाभरणी अपघातांपेक्षा कुष्ठरोगाच्या निमित्ताने झाली. १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले डॉ. पॉल ब्रँड यांच्या लक्षात आले, की कुष्ठरुग्णांची बोटे आपोआप झडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे नकळत होणाऱ्या जखमांनी ती झिजतात, आणि वाकडेपणा स्नायू लुळे पडल्याने येतो. चांगल्या स्नायूची कंडरा लुळ्या स्नायूच्या जागी वळवून त्यांनी असे हात पुन्हा कामाला लावले. कंडरा वळविण्याचे हेच तंत्र अपघातात मज्जातंतू कायमचा निकामी झालेल्या रुग्णांनाही उपयोगी पडते. महाराष्ट्रात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियेचे महत्त्वाचे कार्य केले. मुंबईतील डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा व सळयांची, शरीराबाहेरून हाडे स्थिर ठेवणारी चौकट विकसित केली. ती ‘जेस’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते आणि हाताच्या चेंगरलेल्या दुखापतींतही वापरली जाते.

हात वाचविणे अशक्यच झाले असेल तर मृत दात्याच्या हाताचे प्रत्यारोपण हा अलीकडील पर्याय आहे. जगातील असे पहिले दीर्घकाळ टिकलेले प्रत्यारोपण १९९९ मध्ये अमेरिकेत, तर भारतातील पहिले २०१५ मध्ये कोची येथे झाले. २०२० मध्ये मुंबईतही दोन्ही हातांचे प्रत्यारोपण करण्यात आले. मात्र अशा रुग्णास शरीराने परका हात नाकारू नये यासाठी जन्मभर औषधे घ्यावी लागतात.

दुखापतींची कारणे

कारखाने व यंत्रमाग: नाशिक शहरालगतच्या सातपूर आणि अंबड तसेच सिन्नर या औद्योगिक वसाहतींत वाहनांचे सुटे भाग व विद्युत साहित्य यांच्याशी निगडित अनेक लहानमोठे कारखाने आहेत. पत्रा कापणाऱ्या व त्याला आकार देणाऱ्या पॉवर प्रेस यंत्रात साच्याखाली बोटे सापडणे ही अशा उद्योगांतील नेहमीची दुखापत होय. यात बोटे तुटण्याबरोबरच चेंगरतातही, म्हणून ती जोडणे अवघड असते. मालेगावच्या यंत्रमागांवर फिरते पट्टे आणि दात्यांची चाके यांत हात ओढला जाण्याचा धोका असतो. ग्रीस गन किंवा रंगाच्या फवारणी यंत्रातून उच्च दाबाखाली द्रव बोटात शिरणे ही फसवी दुखापत आहे. बाहेरून टाचणीएवढे छिद्र दिसते, परंतु आतील ऊती वेगाने नष्ट होत असल्याने तीवर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

शेती: कडबा कुट्टी, मळणी यंत्र आणि मका सोलणी यंत्र यांत चारा किंवा कणसे पुढे ढकलताना हात आत ओढला जातो. उसाच्या चरकात तळहात चेंगरतो. या जखमांत माती, शेण व भुसा मिसळलेला असल्याने जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो.

पतंगाचा मांजा: येवल्यात संक्रांतीच्या सुमारास तीन दिवस पतंगोत्सव साजरा होतो. नायलॉनचा मांजा सहजी तुटत नाही व वेगाने सरकताना पात्यासारखा कापतो. त्यामुळे बोटांवरील त्वचेखालच्या कंडरा व मज्जातंतूही कापले जातात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये अशा कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली आहे.

घर व रस्ता: काच फुटून मनगटावर होणारे खोल घाव, दारात सापडलेली लहान मुलांची बोटे, दुचाकीवरून पडताना टेकलेला तळहात आणि वृद्धांचे साधे घसरून पडणे ही इतर प्रमुख कारणे आहेत.

प्रथमोपचार

रक्तस्राव थांबविण्यासाठी जखमेवर स्वच्छ कापड ठेवून सतत दाब द्यावा आणि हात हृदयाच्या पातळीपेक्षा वर धरावा. बहुतेक जखमांतील रक्त एवढ्याने थांबते. बोटाला किंवा मनगटाला सुतळी, तार वा दोरी करकचून बांधू नये. त्यामुळे उरलेला रक्तपुरवठाही बंद पडतो. सूज येण्यापूर्वी अंगठी व बांगड्या काढाव्यात. हळद, कॉफीची पूड, चुना, शाई, रॉकेल असे काहीही जखमेत भरू नये. शस्त्रक्रियेच्या वेळी हे पदार्थ धुऊन काढण्यात वेळ जातो आणि नाजूक ऊतींना इजा होते. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने रुग्णास खाण्यापिण्यास देऊ नये.

तुटलेला भाग पुढील क्रमाने जपावा:

१. स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने हलकेच धुवावा, घासू नये.
२. ओलसर, स्वच्छ कापडात वा गॉजमध्ये गुंडाळावा.
३. कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून पिशवीचे तोंड घट्ट बंद करावे.
४. ही पिशवी बर्फ घातलेल्या पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवावी.

तुटलेला भाग थेट बर्फात ठेवल्यास गोठून निकामी होतो आणि पाण्यात वा दुधात बुडवून ठेवल्यास ऊती फुगतात. त्वचेच्या पट्टीने लोंबत असलेले बोट ओढून वेगळे करू नये. त्या पट्टीतून थोडा रक्तपुरवठा चालू असू शकतो. तुकडा निरुपयोगी दिसला तरी टाकून न देता रुग्णाबरोबर न्यावा. तो जोडता आला नाही तरी त्यातील त्वचा, हाड किंवा मज्जातंतू दुरुस्तीसाठी वापरता येतो.

बोटात स्नायू नसल्याने तुटलेले बोट थंड न ठेवता सुमारे १२ तास आणि नीट थंड ठेवल्यास २४ तासांपर्यंत जोडण्याजोगे राहू शकते. मनगटाच्या वर तुटलेल्या हातात स्नायू असतात व ते रक्ताविना लवकर मरतात, म्हणून ही मुदत अनुक्रमे सुमारे ६ व १२ तासांची असते. पेठ किंवा सुरगाणा यांसारख्या डोंगराळ तालुक्यांतून रुग्ण आधी नाशिकला येतो आणि गरज पडल्यास तेथून सुमारे १७० किलोमीटरवरील मुंबईला जातो. अशा प्रवासात योग्य रीतीने थंड ठेवलेल्या बोटामुळे मिळणारे जादा तास निर्णायक ठरतात.

तपासणी व निदान

शल्यचिकित्सक प्रथम प्रत्येक बोटाचा रंग, ऊब आणि नख दाबून सोडल्यावर परत येणारी लाली पाहतो. भूल देण्यापूर्वीच संवेदना तपासणे आवश्यक असते, कारण भूल दिल्यावर मज्जातंतू कापला आहे की नाही हे कळत नाही. प्रत्येक सांधा स्वतंत्रपणे वाकवून दाखविण्यास सांगितल्यास कोणती कंडरा तुटली आहे ते समजते. त्यानंतर क्ष-किरण चित्र काढले जाते. धनुर्वाताच्या लसीची आवश्यकता पाहिली जाते.

केवळ वरची त्वचा शिवून रुग्णास घरी पाठविल्यास आतील तुटलेली कंडरा लक्षात न येता राहून जाऊ शकते. तिची टोके आत सरकून आखडतात व काही आठवड्यांनी सरळ जोडणी अशक्य होते. म्हणून जखम भरल्यावरही बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर हस्तशल्यचिकित्सकाचा सल्ला विनाविलंब घेणे आवश्यक ठरते.

शस्त्रक्रियेचे प्रकार

बहुतेक शस्त्रक्रिया काखेत किंवा मानेजवळ इंजेक्शन देऊन केवळ हात बधिर करून करता येतात. मळलेली जखम भरपूर सलाइनने धुऊन मृत ऊती कापून टाकणे ही पहिली पायरी असते.

हाडांची जोडणी: बोटांची व तळहाताची हाडे बारीक पोलादी तारा, स्क्रू किंवा छोट्या पट्ट्या यांनी स्थिर केली जातात. हाड जुळताना बोट किंचितही फिरलेले राहिल्यास मूठ मिटताना ते शेजारच्या बोटावर चढते, म्हणून दिशा अचूक ठेवावी लागते.

मनगटाचे अस्थिभंग: कॉलिस अस्थिभंगात अंगठ्याच्या बाजूचे रेडिअस हे हाड मनगटाजवळ मोडते. हाड जागेवर बसवून प्लास्टर घालणे अनेकांना पुरेसे असते; सांध्याचा पृष्ठभाग विस्कटला असल्यास पट्टी व स्क्रू बसवितात. स्कॅफॉइड हे मनगटातील नौकेच्या आकाराचे लहान हाड तळहात टेकून पडल्याने मोडते. पहिल्या क्ष-किरण चित्रात ही भेग कित्येकदा दिसत नाही व दुखापत मुरगळा समजून सोडून दिली जाते. या हाडाला रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडील टोकाकडून होतो, त्यामुळे भेगेच्या मागचा तुकडा रक्ताविना मृत होण्याचा धोका असतो. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावरील खळगीत दाबल्यावर दुखत असल्यास हा अस्थिभंग गृहीत धरून हात स्थिर ठेवतात आणि पुन्हा तपासणी करतात. हाड सरकले असल्यास संपूर्णपणे आत बसणारा विशेष स्क्रू घालतात.

कंडरांची जोडणी: तळहाताच्या मध्यापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या पट्ट्यात दोन कंडरा एकाच अरुंद आवरणातून सरकतात. येथे जोडलेली कंडरा आवरणाला चिकटून बोट ताठ होत असे, म्हणून बनेल यांनी या भागाला ‘निर्मनुष्य प्रदेश’ म्हटले व तेथे तत्काळ जोडणी टाळण्याचा सल्ला दिला. १९६० च्या दशकात हॅरल्ड क्लायनर्ट यांनी तत्काळ जोडणी आणि लगेच नियंत्रित हालचाल या पद्धतीने चांगले परिणाम दाखविले. आज तीच दिशा सर्वमान्य आहे.

मज्जातंतूंची जोडणी: कापलेली टोके भिंगाखाली किंवा सूक्ष्मदर्शकाखाली केसापेक्षा बारीक धाग्याने जुळवितात. मधला भाग नष्ट झाला असल्यास पायातील कमी महत्त्वाच्या मज्जातंतूचा तुकडा मध्ये बसवितात. जोडलेला मज्जातंतू दररोज सुमारे १ मिलिमीटर या गतीने वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे १८ सेंटिमीटर धरल्यास संवेदना टोकापर्यंत परतण्यास सहा महिने किंवा अधिक काळ लागतो.

त्वचेचे आच्छादन: कंडरा किंवा हाड उघडे पडले असेल तर केवळ त्वचारोपण टिकत नाही. अशा वेळी रक्तपुरवठ्यासह त्वचेचा जाड पडदा शेजारच्या बोटावरून, पुढच्या हातावरून किंवा जांघेतून वळवून बसवितात. जांघेचा पडदा वापरल्यास हात सुमारे तीन आठवडे तेथेच जोडलेला ठेवावा लागतो.

पुनर्रोपण: अंगठा, एकाहून अधिक बोटे, तळहात वा मनगटापासून तुटलेला हात आणि लहान मुलांचे कोणतेही तुटलेले बोट जोडण्याचा प्रयत्न प्रामुख्याने केला जातो. धारदार पात्याने कापलेला भाग जोडणे तुलनेने सोपे असते. चेंगरलेला, उपटला गेलेला किंवा अनेक ठिकाणी तुटलेला भाग बहुधा जोडता येत नाही. हाड, कंडरा, धमन्या, मज्जातंतू व शिरा क्रमाक्रमाने जोडण्यास एका बोटालाही कित्येक तास लागतात. नंतरचे काही दिवस बोटाच्या रंगावर व तापमानावर सतत लक्ष ठेवले जाते. शिरांतून रक्त परत न गेल्याने बोट काळेनिळे पडल्यास औषधी जळवा लावण्याचा उपायही आधुनिक रुग्णालयांत केला जातो. विडी, सिगारेट व तंबाखूमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून ती पूर्ण वर्ज्य असतात.

अंगठा गमावलेल्या रुग्णात तर्जनी अंगठ्याच्या जागी वळविणे किंवा पायाचे बोट हातावर बसविणे हे पर्याय असतात.

पुनर्वसन

शस्त्रक्रियेनंतर हाताचा सर्वांत मोठा शत्रू ताठरपणा हा असतो. सूज उतरावी म्हणून हात उंच ठेवतात आणि सांधे आखडणार नाहीत अशा स्थितीत आधारपट्टीत बांधतात. जोडलेल्या कंडरेस पहिल्या तीन ते पाच दिवसांतच भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली मर्यादित हालचाल सुरू केली जाते. अजिबात न हलविल्यास ती चिकटते. जोराने हलविल्यास तुटते. सुमारे सहा आठवडे भार न देता व्यायाम करून पुढे हळूहळू ताकद वाढवितात. जड काम साधारणतः बारा आठवड्यांनंतरच करता येते. बधिर बोटांना भाजणे व कापणे कळत नाही, म्हणून चूल, इस्त्री व यंत्रे यांजवळ डोळ्यांनी पाहून काम करण्याची सवय लावावी लागते.

रोजंदारीवरील कामगारास तीन महिने कामाविना राहणे आणि व्यायामासाठी गावाहून शहरात वारंवार येणे परवडत नाही. त्यामुळे व्यायाम अर्धवट सुटतो किंवा हात तयार होण्यापूर्वीच कामावर जावे लागते. उत्तम शस्त्रक्रियेनंतरही हात ताठ राहण्याचे हे एक महत्त्वाचे सामाजिक कारण आहे.

नाशिकमधील उपचारव्यवस्था

शासकीय जिल्हा रुग्णालय, सातपूर येथील राज्य कामगार विमा रुग्णालय आणि आडगाव येथील डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय या शहरातील प्रमुख संस्था आहेत. शहरात खासगी अस्थिरोगतज्ज्ञ व प्लास्टिक सर्जनही आहेत. राज्यातील वैद्यकीय, भौतिकोपचार व व्यवसायोपचार अभ्यासक्रमांचे नियमन करणाऱ्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना १९९८ मध्ये झाली असून त्याचे मुख्यालय नाशिक येथे आहे. पुनर्रोपणासाठी सूक्ष्मदर्शक व प्रशिक्षित पथक लागते. ही सोय प्रत्येक रुग्णालयात नसते. म्हणून रुग्ण हलविण्यापूर्वी दूरध्वनीवरून खात्री करून घेतल्यास वेळ वाचतो. आपत्कालीन रुग्णवाहिकेसाठी राज्यात १०८ हा क्रमांक आहे.

कायदा व भरपाई

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ च्या पहिल्या अनुसूचीत अवयवहानीनुसार मिळकत क्षमतेतील घट ठरवून दिली होती. अंगठा गमावल्यास ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गमावल्यास ५० टक्के आणि संपूर्ण हात गमावल्यास ६० टक्के घट धरली जात असे. एखादा अवयव तुटला नसला, तरी त्याचा उपयोग पूर्णपणे व कायमचा गेला असल्यास तो गमावल्यासारखाच मानावा, अशी टीप अनुसूचीच्या अखेरीस होती. ताठ व निकामी राहिलेल्या हाताच्या बाबतीत ही तरतूद महत्त्वाची ठरत असे. राज्य कामगार विमा योजनेखालील विमाधारकांना लाभ नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९४८ च्या स्वतंत्र अधिनियमानुसार मिळत असत. अपघाताची नोंद व उपचारांची कागदपत्रे जपून ठेवणे दोन्ही बाबतींत आवश्यक असते.

प्रतिबंध

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ नुसार यंत्रांचे धोकादायक भाग संरक्षक कुंपणाने झाकणे बंधनकारक होते. पॉवर प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय यंत्र न चालण्याची व्यवस्था किंवा हात आत जाताच यंत्र थांबविणारा प्रकाशपडदा असल्यास बोटे साच्याखाली सापडत नाहीत. उत्पादनाचा वेग वाढविण्यासाठी एक बटण बांधून ठेवणे किंवा जाळी काढून टाकणे यामुळे हे संरक्षण निष्फळ ठरते. कडबा कुट्टी व मळणी यंत्राला लांब, वरून झाकलेली तोंडाची घसरण असावी, म्हणजे हात पात्यापर्यंत पोहोचत नाही. सैल बाह्या, कडे व अंगठी घालून यंत्रावर काम करू नये आणि अडकलेला माल काढण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा.